चार बोटं उघडी खिडकी

खोली बघायला गेले तर घरमालकांनी खोली दाखवलीच नाही, आधी थर्मामीटर दाखवला.

जिन्याच्या वरच्या वळणावर, सावलीत, एक लाकडी फळी टांगली होती आणि तिच्यावर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एक नुसता. दुसऱ्याच्या बुडाशी पांढऱ्या मऊ कापडाची पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीचं शेपूट खाली औषधाच्या बाटलीतल्या पाण्यात सोडलेलं. "वाचा," ते म्हणाले. मी नांदेडात एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. काचेवरच्या रेघा वाचण्यावरच माझं पोट होतं. "हा एकोणचाळीस, हा बावीस," मी म्हणाले. त्यांनी चष्मा वर करून खात्री केली.

"बावीसला जरा कमी. पण चालंल. तुमच्याआधीच्या भाडेकरूनं ह्या दुसऱ्याकडं बघून इचारलं होतं, ह्याला काय लागलंय म्हून पट्टी बांधली."

भाडं किती, नळाला पाणी कधी येतं, या फालतू गोष्टी नंतर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, खाली चहा देताना सांगितल्या. घरमालकांची, म्हणजे सगळ्यांच्या सरांची, स्वतःची अट एकच होती. खोलीत कूलर लावला की समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. बोटं आडवी धरून मोजायची. आधीचा भाडेकरू तीन बोटांवर आला होता म्हणून गेला, असं गल्लीत बोललं जायचं.

सर तंत्रनिकेतनात उष्णता शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थी सुटले, पण विषय सुटला नाही; तो आता काकूंना, शेजाऱ्यांना आणि भाडेकरूला होता. आमच्याकडे कूलर चालू करताना माणूस आधी उठून दारं-खिडक्या लावतो. थंडी बाहेर जाईल, ही काळजी. हिमायतनगरकडे आमच्या घरी मीही जन्मभर तेच करत आले होते, आणि घामानं चिकचिक झाली की कूलरला नावं ठेवत आले होते. सरांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्यांनी मला पायरीवर बसवून घेतलं.

"कूलर काय करतो? हवेला पाणी पाजतो. कोरडी हवा तहानलेली असती, ती पाणी पिती अन् गार होती. खोली बंद केली की तीच हवा फिरून फिरून पिऊन राहिली. पोट भरल्यावर काय पिणार ती? मग बसा ओल्या पोत्यात बसल्यावानी. हवा ही पाव्हणी हाय, पोरी. तिला यायला दार देता, जायला कामून देत न्हाई?"

उष्णता तीन वाटांनी येते, हे मी शाळेत इंग्रजी नावांनी पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. सरांची नावं अजून विसरता आलेली नाहीत. शिवून, वाहून आणि टक लावून. तवा हाताला चटका देतो तो शिवून. गरम वारा खिडकीतून येतो तो वाहून. आणि माझ्या खोलीवरचा स्लॅब संध्याकाळी, ऊन उतरल्यावरही, डोक्यावर भाजतो तो टक लावून. "दिवसभर ऊन खाऊन बसलंय ते. आता तुझ्याकडं टक लावून बघंल. पंखा लावून काय होतंय? बघणाऱ्याच्या नजरेला वारा अडवत न्हाई." त्यानंतर पंख्याखाली आडवं पडून स्लॅबकडे बघायची मला लाजच वाटू लागली.

माझी ड्यूटी दोनला संपायची. तीन वाजता फळीपुढे उभं राहून मी वाचायचं आणि सरांनी वहीत लिहायचं, असा नेम पडला. वहीला मात्र मी हात लावायचा नाही. "वाचणाऱ्यानं वाचावं, लिहिणाऱ्यानं लिहावं. दोन्ही एकानंच केलं की माणूस आपल्या मनासारखं लिहितो." नुसता तो कोरडा, पट्टीवाला तो ओला. पट्टीतलं पाणी उडताना गारवा देतं, माठ देतो तसाच, म्हणून ओल्याचा पारा खाली. दोघांत अंतर जास्त म्हणजे हवा तहानलेली, कूलर खूश. अंतर कमी झालं की कूलर म्हणजे नुसता आवाज.

ओल्याची पट्टी दर पंधरा दिवसांनी बदलावी लागे, कारण बोअरच्या पाण्यानं ती पापडासारखी कडक व्हायची. नव्या पट्ट्या सर एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे आणि डबा कपाटात, कुलपाच्या कप्प्यात. एकदा मी दवाखान्यातलं कोरं गॉज आणून दिलं. त्यांनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि परत केलं. "ह्याला माया न्हाई. पाणी ओढत न्हाई."

गल्लीत त्यांना कुणी वाईट म्हणत नसे, पण कार्याला बोलवताना लोक जरा विचार करत. त्याला कारण शेजारच्या साखरपुड्याचं. एप्रिलचा शेवट, बंद हॉल, आठ कूलर आणि अडीचशे माणसं. सर आत शिरले, त्यांनी नाक वर करून हवा हुंगली, आणि नवरीला बघायच्या आधी उत्तरेकडची खिडकी गाठली. ते एक एक खिडकी उघडत पुढे गेले. त्यांच्या मागून नवऱ्या मुलाचे चुलते एक एक खिडकी लावत आले. हॉलला असे तीन फेरे झाले. गुरुजींनी मंत्र थांबवून पाहिलं, कारण फेऱ्यांचा कार्यक्रम त्या दिवशी नव्हता. शेवटी एकाच खिडकीच्या दोन फळ्यांवर दोघांचे हात आले.

"गारवा बाहेर चालला ना, सर," चुलते म्हणाले.

"तुमचं लगीन झालं काय?"

"झालं की. तीस वरसं झाली."

"मग तुम्हाला कळायला पायजे. कोंडून ठेवल्यानं कुठं गारवा टिकतो व्हय?"

चुलत्यांनी क्षणभर आपल्या बायकोकडे पाहिलं आणि खिडकी सोडली. पुढच्या वर्षी त्या घरात बारसं झालं तेव्हा सरांना आमंत्रण होतं, पण ते जेवणाच्या वेळेचं होतं आणि जेवण अंगणात होतं.

असा माणूस घरात एसी येऊ देईल, ही आशा काकूंनी सोडून दिली होती. एसी म्हणजे आपल्या घरातली गरमी उचलून शेजाऱ्याच्या दारात टाकायची, असं सरांचं मत होतं. ते त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं आणि चारचौघांत शपथेसारखं सांगितलं होतं. हे सगळं गमतीत चाललं होतं. मग ताईला दिवस गेले.

ताई म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. काकूंनी फेब्रुवारीतच डिंक निवडून ठेवला होता. मार्चमध्ये विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच भाजी निवडत बसले होते, आणि काकूंना फोन कानाला लावायची सवय नसल्यामुळे बोलणं सगळ्या घरानं ऐकलं.

"रीत आम्हालाही मान्य आहे हो," विहीणबाई म्हणाल्या. "पण मे महिन्यात नांदेड म्हणजे तुम्हीच सांगा. तिच्या खोलीत एसी बसवत असाल तर पाठवतो. नाहीतर सगळं इकडेच करू."

काकूंनी फोन ठेवला आणि सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. "एसी कशाला? खोली अठ्ठावीसच्या वर गेली तर नाव बदलीन."

"नाव बदलून काय करता? लेक येणार न्हाई," काकू म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी सरांशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायच्या, पण माझ्यामार्फत. सर समोर बसलेले असताना मला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, चहा झाला." सर मला सांगायचे, "हाव म्हणावं." मी दोघांच्या मधे स्टूल टाकून बसलेली असायचे आणि दोघांचाही मला राग यायचा. म्हातारपणी माणसं इतकी पोरकट होतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

एकदा सर बाहेर गेलेले असताना काकूंनी मला तो बिस्किटाचा डबा उघडून दाखवला. कुलपाची किल्ली देवघरात असते हे दोघांनाही माहीत होतं. आत मोजक्याच पट्ट्या उरल्या होत्या.

"कशाच्या हायेत, म्हाईत हाय?" काकू म्हणाल्या. "ताईचं लहानपणचं झबलं. मी भांडेवालीला देऊन राहिले होते. हे आले अन् हातातून ओढून घेतलं. म्हणले, थर्मामीटरला लागतंय. थर्मामीटरला कुठं अख्खं झबलं लागतं?"

त्यानंतर मी सरांच्या बाजूची झाले. काकूंची होतेच. लेक घरी यावी असं दोघांनाही सारखंच वाटत होतं. फक्त एकाला ते अंशांत सांगता येत होतं.

एप्रिलभर आम्ही ताईच्या खोलीमागे लागलो. खोली खालच्या मजल्यावर पश्चिमेची, म्हणजे दुपारची भट्टी. सरांनी आधी बाहेरच्या भिंतीला चुन्याचे तीन हात दिले, "उन्हाला तिथूनच परत पाठवायचं" म्हणून. भिंतीपासून हातभर अंतरावर बांबू रोवून हिरवी शेडनेट बांधली. मी विचारलं, अंतर कशाला? तर म्हणाले, "भिंतीला चिकटवली तर शिवून गरमी देईल. मधून वारं वाहू दे." कूलरची जुनी गवताची जाळी काढून नवी घातली. समोरच्या खिडकीला चार बोटांवर पट्टीनं खूण केली. मग उदबत्ती पेटवून सर खोलीभर फिरले. धूर कुठे तिरपा जातो, कुठे रेंगाळतो, ते बघून त्यांनी बाजेची जागा खडूनं आखली. शेजारच्या काकींना वाटलं वास्तुशांत आहे. त्या नारळ घेऊन आल्या.

मेच्या मध्यावर सरांनी जावयाला बोलावलं, येताना स्वतःचा थर्मामीटर घेऊन यायला सांगून. ते बिचारे खरंच घेऊन आले. बाहेर कोरडा त्रेचाळीस, ओला चोवीस. दुपारी तीन वाजता जावई त्या खोलीत तासभर बसले. त्यांच्या थर्मामीटरवर अठ्ठावीस दिसलं. त्यांना तिथेच झोप लागली, हा त्याहून मोठा पुरावा होता. आठ दिवसांत ताई आली. तिच्या हातची बॅग सरांनी घेतली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "पंख्याखाली न्हाई, इथं खडूच्या चौकटीत बस." काकू तरीही सरांशी बोलल्या नाहीत. त्यांचा हवेवर भरवसा नव्हता.

काकू बरोबर होत्या. जूनच्या तोंडावर वळीव दोनदा बरसला आणि फळीवरचे दोन पारे एकमेकांच्या जवळ यायला लागले. अंतर एकोणीसचं बारा झालं, बाराचं नऊ. ताई चादर बदलून बदलून थकली. एका दुपारी मी वाचलं, "कोरडा चौतीस, ओला अठ्ठावीस." सरांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तेच होतं.

"हवेचं पोट भरलं," सर म्हणाले. त्यांनी आकडा लिहिला, वही मिटली आणि पायरीवर बसले. कुणी त्यांना काही म्हटलं नव्हतं. ताई तर म्हणत होती, बाबा, मला काही त्रास नाही. पण त्यांनी आयुष्यभर ज्याचं ऐकलं होतं त्यानंच आज विरुद्ध साक्ष दिली होती, आणि थर्मामीटरशी वाद घालणाऱ्यांतले ते नव्हते. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न सांगता बाहेर पडले आणि दुपारी ऑटोतून आले. मांडीवर एसीचं खोकं, मागच्या ऑटोत दुसरं खोकं आणि दोन फिटर. शेजारच्या गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. सर कुणाकडे न बघता आत गेले. काकू ओट्याजवळ उभ्या होत्या. तीन महिन्यांनी त्या थेट नवऱ्याशी बोलल्या.

"चहा टाकू काय?"

"टाक," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मी हवेच्या भरवशावर शब्द दिला होता. हवेनं फिरवला."

चौथ्या दिवशी ताईला मुलगी झाली. दोघींना घरी आणलं तेव्हा खोली गार होती, सरांचं तोंड पडलेलं होतं, पण एकूण सगळं सुरळीत होतं. आणि त्याच संध्याकाळी देगलूरहून अक्का आल्या.

अक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण, सरांची आकडसासू. पस्तीस बाळंतपणं निस्तरलेली बाई. त्यांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि जागीच थांबल्या. "अय्यो, बाळंतिणीला बर्फात ठिवलंय काय?" पहिल्या पाच मिनिटांत एसी बंद झाला. दहाव्या मिनिटाला त्याच्यावर जुनी चादर टाकली गेली. मग खिडकीच्या चार बोटांच्या फटीत लुगडं कोंबलं गेलं, ताईच्या कानाला फडकं आलं, आणि बाजेखाली निखाऱ्याची शेगडी सरकली, ओवा-शेपाच्या धुरीसकट. तीन महिने विहीणबाईंच्या अटीपायी घर उलटंपालटं झालं होतं. काकूंनी घाबरत त्यांना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "अक्का म्हणतात ते बरोबरच आहे. आता वारं लागायला नको."

सरांनी त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी कधी विसरणार नाही.

आकडसासूपुढे जावयानं तोंड उघडायचं नाही, हेही रीतीतच येतं. पण बंद खोलीत निखारे म्हणजे सरांच्या लेखी खेळ नव्हता. "गरम होतंय त्याचं काही न्हाई," ते मला जिन्यात म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "कोंडलेल्या निखाऱ्यानं जीव गुदमरतो. वास बी येत न्हाई." बोलून पाहिलं, अक्कांनी ऐकलं नाही. मग त्यांनी त्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकली आणि दर दहा मिनिटांनी दार सताड उघडायचं निमित्त काढू लागले. चष्मा आत राहिला काय? पेपर आत हाय काय? पेपर आत नसेल तर बाहेर हाय काय? दार उघडं धरून ते मनात साठ अंक मोजायचे. ओठ हलताना मला दिसायचे. दोन दिवस त्यांनी जेवणसुद्धा त्याच खुर्चीवर केलं.

"पाव्हण्याचं बाई काहीतरी बिघडलंय," अक्का काकूंना म्हणाल्या. "लेकीच्या खोलीत किती येरझारा."

यातून घराची सुटका लंगोटांनी केली. पाऊस लागून राहिला तो पाच दिवस. पोरगी तासाला दोन या हिशोबानं लंगोट भिजवायची आणि एकही वाळायचा नाही. दोऱ्यांवर, खुर्च्यांवर, देवघराच्या दारावर, चादर घातलेल्या एसीवरसुद्धा लंगोट. शेगडीवर धरून वाळवलेल्यांना धुराचा वास, आणि पोरीच्या मांड्या लाल. पाचव्या दिवशी घरात कोरडा लंगोट एकही नव्हता. सर खुर्चीवरून उठले.

"अक्का, चार तास खोली माझ्या ताब्यात द्या. लेक अन् नात मधल्या खोलीत बसू दे. शेगडी बी तिकडंच न्या."

दुसरा इलाज नव्हता. सरांनी खोलीत सात दोऱ्या बांधल्या, किचनमधला काटा आणून एकूण एक ओला लंगोट तोलला, मांडला, फटीतलं लुगडं काढून खिडकी घट्ट लावली आणि एसी चालू केला. खिडकी लावताना त्यांचा हात क्षणभर अडखळला. आयुष्यात प्रथमच ते ती पूर्ण लावत होते. "कूलर पाणी देतो, हा पाणी काढून घेतो. ह्याची रीत उलटी," ते मला म्हणाले. बाहेर नळीखाली बादली ठेवली. टपटप सुरू झाली तशी अक्काही बघायला आल्या.

चार तासांनी सगळे लंगोट कुरकुरीत वाळले होते. सर बाहेर आले तर बाहेरच्या दमट हवेनं त्यांचा चष्मा पांढरा झाला, आणि तसेच आंधळे उभे राहून त्यांनी आम्हाला दव कसं पडतं ते सांगितलं. मग वाळलेले लंगोट पुन्हा तोलले. बादलीत लंगोटांतून गेलेल्या पाण्याहून जास्त पाणी निघालं. "उरलेलं हवेचं," त्यांनी आनंदानं जाहीर केलं. अक्कांनी एक लंगोट गालाला लावून पाहिला.

"पाव्हणं, तुमचं यंत्र लई कामाचं हाय. तुमी आधीच लंगोटासाठी आणलं म्हून सांगायचं ना."

तेव्हापासून एसीच्या खोलीत लंगोट राहू लागले आणि माणसं मधल्या खोलीत. त्या खोलीला दोन बाजूंनी खिडक्या होत्या. तिथल्या शेगडीच्या धुरानं पहिल्याच संध्याकाळी अक्कांचे डोळे झोंबले. सरांनी उदबत्ती पेटवून त्यांच्या हातात दिली. धूर सरळ वर जाऊन छताखाली साचला. अक्कांनी बराच वेळ बघितलं, उठल्या, आणि स्वतःच्या हातानं खिडकी किलकिली केली. धूर तिरपा झाला आणि निघून गेला. सर चार बोटं आडवी धरून खात्री करायला चालले होते. काकूंनी त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं.

सव्वा महिना झाला आणि जावई न्यायला आले. सकाळी ताईनं ओटी भरून घेतली, अक्कांनी गाडीच्या काचा लावायला सांगितल्या, सरांनी एक काच खाली घ्यायला सांगितली, आणि गाडी गेली. काकू देवघरात जाऊन बसल्या. लंगोटांच्या दोऱ्या रिकाम्या लोंबत होत्या.

तीन वाजता मी फळीपाशी गेले. सर आधीच तिथे होते. ओल्याला नवी पट्टी होती. कडेला काजळाचा फिकट डाग दिसला, म्हणून मी वाकून बघितलं.

"एक लंगोट मागून घेतला ताईला," ते म्हणाले. "डब्यातलं संपत आलं होतं. पाणी चांगलं ओढतंय. आता पाच-सहा वरसं चिंता न्हाई."

मी हो म्हणाले. त्यांनी वही उघडली, पेन उघडलं, आणि मग दोन्ही माझ्याकडे सरकवलं. "आज लिहून बी तूच घे. चष्म्यावर वाफ धरलीय."

एसी सकाळपासून बंद होता. मी कोरडा एकतीस वाचला, ओला सव्वीस, आणि दोन्ही आकडे वहीत लिहिले.